वयाला टेकडी नाही, उतार आहे

महोदय,

इंग्रजीतल्या ‘ओव्हर द हिल’चा (म्हणजे उमेदीचा काळ मागे पडलेला) ‘टेकडीपलीकडे गेलेला’ असा शब्दशः तर्जुमा केला, तर मराठी वाचकाला वाटते, गडी फिरायला गेला असेल! आपल्याकडे वयाला टेकडी नाही, उतार आहे. पण ‘उतारवय’ साधारण साठीपासून पुढे शोभते. पस्तिशीच्या गोलंदाजाला ते लावले की हसू येते. त्याचा ‘बहर ओसरला’ म्हणावे. ‘उतरती कळा’ही तिथे नको. ती कळा चंद्राची. घराण्याला, धंद्याला, पेठेला लागते. ‘कलते वय’ मात्र सूर्यावरून, दिवस कलतो तसे. शिवाय उतार नेहमी वाईटच असतो असे नाही. तापाला उतार पडला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो.

दुसरी गल्लत चाळिशीची. ‘चाळिशी उलटली’ म्हणजे वय चाळिसाच्या पुढे गेले. ‘चाळिशी लागली’ म्हणजे जवळचे वाचायला चष्मा आला. दोन्ही एकाच माणसाला, पण एकाच वर्षी होतील असे नाही. ‘साठी बुद्धी नाठी’मधली ‘नाठी’ म्हणजे नष्ट झालेली. तिचा ‘नाठाळ’ असा अर्थ लावू नये.

‘दुरून डोंगर साजरे’चा तर वयाशी काडीचा संबंध नाही. निवृत्तीवरच्या लेखाला ते शीर्षक कृपया देऊ नये.

– एक मुद्रितशोधक, पुणे