आंद्रेओत्ती : ‘निर्दोष सुटका’ अर्धीच खरी

महोदय,

इटलीचे माजी पंतप्रधान जुलिओ आंद्रेओत्ती (१९१९–२०१३) यांच्यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचनीय होता, पण ‘माफिया खटल्यातून निर्दोष सुटका’ या त्यातल्या वाक्याला दुरुस्ती हवी. अन्यत्र याच्या नेमके उलट, ‘खुनाबद्दल २४ वर्षांची शिक्षा झालेला पंतप्रधान’ असेही छापून येते. खटले दोन होते, एक खुनाचा, पेरुजाला, आणि एक माफियाशी संगनमताचा, सिसिलीची राजधानी पालेर्मोला. ते एकमेकांत मिसळले की असा घोळ होतो.

पेरुजाचा खटला सरळ आहे. ‘ओपी’ या नियतकालिकाचे संपादक मिनो पेकोरेल्ली यांना २० मार्च १९७९ रोजी रोममध्ये गोळ्या घालण्यात आल्या. हा खून आंद्रेओत्तींच्या सांगण्यावरून झाला, असा आरोप होता. सप्टेंबर १९९९मध्ये ते सुटले, नोव्हेंबर २००२मध्ये अपिलात त्यांना २४ वर्षांची शिक्षा झाली आणि ३० ऑक्टोबर २००३ रोजी सर्वोच्च पातळीवरच्या कॅसेशन न्यायालयाने ती फेरसुनावणीलाही न पाठवता रद्द केली. या खटल्यापुरते त्यांना निर्दोष म्हणणे बिनचूक आहे.

पालेर्मोचे तसे नाही. सिनेटने मे १९९३मध्ये परवानगी दिल्यावर सप्टेंबर १९९५मध्ये सुनावणी सुरू झाली. २३ ऑक्टोबर १९९९ रोजी पहिल्या न्यायालयाने त्यांना सोडले. वृत्तपत्रांच्या कात्रणांत हीच तारीख ठळक असते आणि गाडी बहुधा इथेच थांबते. २ मे २००३ रोजी अपील न्यायालयाने मात्र निकालाचे दोन तुकडे केले. १९८०च्या वसंतानंतरच्या काळासाठी पुरावा अपुरा, म्हणून सुटका कायम. त्याआधीच्या काळात कोसा नोस्त्रा या सिसिलीच्या माफियाशी गुन्हेगारी संगनमत झाले होते, पण खटल्याची कायदेशीर मुदत उलटून गेलेली, म्हणून शिक्षा नाही. ऑक्टोबर २००४मध्ये कॅसेशन न्यायालयाने फिर्यादी आणि बचाव अशा दोन्ही बाजूंची अपिले फेटाळून हाच निकाल कायम केला.

मुदतीचा हिशेब असा. माफिया संघटनेचे सदस्यत्व हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारे कलम ‘४१६ बिस’ इटलीत आले ते १३ सप्टेंबर १९८२ रोजी. त्याचा मसुदा मांडणारे कम्युनिस्ट खासदार पीओ ला तोर्रे यांचा त्याच वर्षी एप्रिलमध्ये पालेर्मोत खून झाला होता. विधेयक तरीही रेंगाळले. ३ सप्टेंबरला माफियाविरोधी मोहिमेसाठी पालेर्मोत नेमलेले जनरल दाल्ला किएसा मारले गेले, तेव्हा कुठे दहा दिवसांत कायदा झाला. १९८०पर्यंतच्या कृत्यांना हे कलम मागून लावता येत नाही, म्हणून साध्या गुन्हेगारी टोळीचे जुने कलम ४१६ लागले आणि त्यातली कमाल मुदत साडेबावीस वर्षे धरली गेली. १९८०च्या वसंतापासून मोजली तर ती २००२च्या डिसेंबरात संपते, म्हणजे अपिलाच्या निकालाआधी जेमतेम साडेचार महिने.

आपल्याकडे ही गोष्ट पटकन ध्यानात येत नाही, कारण आपली व्यवस्था वेगळी. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८नुसार (आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५१४) तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांनाच मुदतीचे बंधन आहे आणि तक्रार एकदा दाखल झाली की ते घड्याळ थांबते. इटलीत तेव्हा ते शेवटच्या निकालापर्यंत चालू राहायचे. शिवाय निर्दोषत्व उघड दिसत असेल, तर मुदत संपलेली असली तरी न्यायालयाने आरोपीला निर्दोषच ठरवायचे, असे तिथली संहिता सांगते. पालेर्मोच्या न्यायाधीशांनी तसे केले नाही. मुदतीचा लाभ नाकारून गुणवत्तेवर निकाल मागायची मुभा आरोपीला होती. आंद्रेओत्तींनी ती वापरली नाही.

अपील न्यायालयाने ग्राह्य धरलेली मुख्य साक्ष फ्रान्चेस्को मारिनो मान्नोइया या माफीच्या साक्षीदाराची. त्याच्या म्हणण्यानुसार आंद्रेओत्ती पालेर्मोचा माफिया म्होरक्या स्तेफानो बोन्ताते याला दोनदा भेटले. पहिली भेट १९७९मधली. विषय होता सिसिलीचे सुधारणावादी मुख्यमंत्री पिएरसान्ती मात्तारेल्ला यांचा. ६ जानेवारी १९८० रोजी मात्तारेल्लांचा खून झाला. (सध्याचे राष्ट्राध्यक्ष सेर्जो मात्तारेल्ला हे त्यांचे धाकटे भाऊ.) त्यानंतरच्या वसंतात आंद्रेओत्ती चिलखती आल्फा रोमिओतून पुन्हा पालेर्मोला आले, जाब विचारला आणि बोन्तातेकडून उलट दमदाटी ऐकून परतले. पंतप्रधानपद भूषवलेल्या माणसाने यातले काहीच पोलिसांना कळवले नाही, यावर न्यायालयाने बोट ठेवले. इथून पुढे ते माफियापासून दूर झाले, असेही त्याच निकालात आहे. १९८७मध्ये माफियाचा सर्वोच्च म्होरक्या तोतो रिईनाने त्यांच्या गालाचे चुंबन घेतल्याची कथा मात्र कोणत्याच न्यायालयाने मानली नाही. आपल्या लेखात तिला चौकट मिळाली, याचे वाईट वाटते.

सिसिलीची गरज त्यांना का पडली, हे लेखात यायला हवे होते. त्यांचा ख्रिश्चन डेमोक्रसी पक्ष गटागटांत विभागलेला होता आणि सत्तेतला वाटा गटाच्या वजनावर ठरे; त्यासाठी ‘चेन्चेल्ली पुस्तिका’ नावाने ओळखले जाणारे कोष्टकच होते. आंद्रेओत्तींचा गट १९६८पर्यंत रोम आणि लात्सिओपुरताच. त्या वर्षी पालेर्मोचे माजी महापौर साल्व्हो लिमा आपली मते आणि सदस्यसंख्या घेऊन त्यांच्याकडे आले आणि गट देशपातळीचा झाला. १९७२मध्ये लिमा अर्थखात्यात उपमंत्री झाले. ३० जानेवारी १९९२ रोजी माफियाविरोधी महाखटल्यातल्या शिक्षा कॅसेशन न्यायालयाने कायम केल्या आणि १२ मार्चला लिमांना पालेर्मोजवळच्या मोन्देल्लोत गोळ्या घालण्यात आल्या. तुरुंगातल्यांना दिलासा मिळवून देण्याचा शब्द पाळला गेला नाही, याचा हा सूड, असा तपास यंत्रणांचा निष्कर्ष होता.

‘सात वेळा पंतप्रधान’ हा आकडा बरोबर आहे, पण त्यांतली दोन सरकारे, फेब्रुवारी १९७२ आणि मार्च १९७९ची, विश्वासदर्शक ठरावातच पडली. खरी करामत १९७६ची. कनिष्ठ सभागृहात ठरावाच्या बाजूने २५८, विरोधात ४४ आणि तटस्थ ३०३! कम्युनिस्टांसह बाकीचे पक्ष गप्प बसले म्हणून सरकार तरले. त्या सभागृहात तटस्थ मते मोजणीत धरत नसत. सिनेटमध्ये मात्र २०१७पर्यंत तटस्थ राहणे म्हणजे विरोधात मत देणेच होते. २१ फेब्रुवारी २००७ रोजी पंतप्रधान रोमानो प्रोदी यांच्या सरकारच्या परराष्ट्र धोरणावरील ठरावाला १५८ मते पडली, विरोधात १३६, तटस्थ २४. हवी होती १६०. तटस्थांत आजीव सिनेटर आंद्रेओत्ती होते, वय ८८. सभागृहाचा नियम त्यांना ठाऊक नव्हता, असे म्हणायला जागा नाही. प्रोदींनी त्याच दिवशी राजीनामा दिला.

– एक वाचक, पुणे