सायली, फाइल सोबत ने

चिपळूण

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

विम्याच्या फॉर्मवरचा ‘पूर्वीचे आजार’ हा रकाना कोरा सोडणार म्हणालीस. "आई, आता कशाला ते उकरून काढायचं?" फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

रकाना भर. लिही : ‘अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, उपचार पूर्ण’, म्हणजे तुला झालेला तो रक्ताचा कर्करोग. नोकरीतल्या सामूहिक विम्यात बहुतेक वेळा जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात, तरी तुझ्या एचआरला विचारून घे. पुढे स्वतःची पॉलिसी काढशील तेव्हा जुन्या आजारासाठी थांबायची मुदत 2024 च्या नियमांप्रमाणे जास्तीत जास्त 3 वर्षं आहे. तेवढी कळ काढता येते. पण आज लपवलंस आणि उद्या पैसे मागायची वेळ आली, तर तुझीच जुनी कागदपत्रं तुझ्यापुढे ठेवतील.

फॉर्मचं एवढंच. मला खरी काळजी आहे ती तुझ्या तब्येतीची, कारण ‘बरी झाले’ म्हणजे सगळं मागे पडलं असं तू धरून चालली आहेस.

ते लाल औषध आठवतं का? डॉनोरुबिसिन. सलाईनमधून उतरताना तू त्याला कोकम सरबत म्हणायचीस, आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत लघवी लाल झाली म्हणून किंचाळत बाहेर आली होतीस. त्या औषधाने ल्युकेमियाच्या पेशी मारल्या, पण ते हृदयाच्या स्नायूलाही इजा करू शकतं, आणि ती इजा कधीकधी कितीतरी वर्षांनी, काही त्रास जाणवत नसतानाही दिसते. तुझा मागचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चांगला आला म्हणून पुढचे टाळायचे नाहीत. गरोदरपणात हृदयावर जास्त भार येतो, त्यामुळे मूल हवं असं ठरवशील तेव्हा आधी इको करायचा आणि डॉक्टरांना या औषधाचं नाव सांगायचं. फाइलच्या पहिल्या पानावर एकूण मात्रा लिहिलेली आहे. तो आकडा पुण्यातल्या कुठल्याही डॉक्टरला आपण होऊन सांग, त्यांनी विचारायची वाट बघू नकोस.

स्टिरॉइडमुळे तुझा चेहरा गोल झाला होता आणि तू रात्री दोन वाजता भात मागायचीस. आम्हाला तेव्हा भुकेचं कौतुक वाटायचं. तेच स्टिरॉइड हाडांनाही त्रास देतं. खुबा किंवा गुडघा दुखायला लागला तर दुखण्याची गोळी घेऊन दिवस काढू नकोस, दाखवून घे. उंच टाचांवर चालताना तुझे पाय लटपटतात, बोटांना अजून मुंग्या येतात, ते व्हिन्क्रिस्टिन या दुसऱ्या औषधामुळे. नसांवर परिणाम करतं ते. मैत्रिणी हसल्या तर तसं सरळ सांग.

व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीपासून मिळतं, हे मला तुझ्या उपचारांच्या वेळीच कळलं. आपल्या अंगणातल्या त्याच फुलझाडापासून. आणि दर आठवड्याच्या मेथोट्रेक्सेट या औषधाचा धागा येल्लाप्रगडा सुब्बाराव नावाच्या आंध्रातल्या माणसापर्यंत जातो. त्यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं त्याच जातीचं औषध बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना दिलं आणि 1948 मध्ये प्रसिद्ध केलं की आजार काही काळ तरी मागे हटतो. त्याआधी हा आजार झालेली मुलं थोड्याच दिवसांत जायची. मी शाळेत हे मुलांना सांगते. तुझं नाव न घेता सांगते, पण सांगताना आवाज भरून येतोच.

मेंटेनन्सचे, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणून घरी गोळ्या घ्यायचे दिवस तुला फारसे आठवत नसतील. रात्री उपाशीपोटी 6-एमपीची (मर्कॅप्टोप्युरिनची) गोळी, एक दिवस पूर्ण, एक दिवस अर्धी. मी कालनिर्णयच्या प्रत्येक चौकोनात ‘पू’ आणि ‘अ’ लिहून ठेवायचे. अर्धी गोळी स्टीलच्या ताटलीत तोडायची, म्हणजे कण उडाला तर दिसेल. गोळ्या थांबल्या तेव्हा घराघरांत पेढे वाटले. त्या रात्री मला मात्र झोप आली नाही. गोळी चालू होती तोवर काहीतरी राखण आहे असं वाटायचं. पुढे कितीतरी दिवस तुला नुसती कणकण आली तरी मी तुझ्या रक्तपेशींचा काउंट करून आणायचे, मानेत गाठ चाचपायचे. ती भीती अजूनही पुरती गेलेली नाही. तुझ्याही मनात ती असेल, तपासणी टाळण्यामागे तेच असेल, असं मला वाटतं. त्याबद्दल माझ्याशी बोल. मी घाबरेन म्हणून गप्प राहू नकोस.

आणखी एक. नातेवाईक तुला म्हणतात, "देवाने तुला वाचवलंय, काहीतरी मोठं करून दाखव." तू ते फार मनावर घेतेस. शेजारच्या खाटेवरची तुझी बीडची मैत्रीण घरी परतली नाही, हेही तुझ्या मनात सलतं, मला माहीत आहे. सायली, तू वाचलीस कारण आजार वेळेत कळला, औषधांना दाद मिळाली आणि रक्त देणारी माणसं भेटली. त्याची परतफेड तुझ्या डोक्यावर नाही. साधी नोकरी कर, रविवारी उशिरापर्यंत लोळ, ट्रेकला जा. कॉलेजच्या रक्तदान शिबिरातून तुला परत पाठवलं तेव्हा तू रडली होतीस. हा आजार होऊन गेलेल्यांचं रक्त घेत नाहीत, नियम आहे. बाबा आणि त्यांचे एसटीतले मित्र दरवर्षी देतात, तेवढं पुरे.

लग्नाचं म्हणशील तर ‘बोलू नका, स्थळं येणार नाहीत’ हे मी घरात ऐकून घेणार नाही. मुलगा मनापासून आवडला की साखरपुड्याच्या आधी तूच त्याला सांग, फाइल दाखव. तुझा आजार मुलांत उतरायचा नाही, आणि तुझ्या औषधांच्या मात्रेत मूल होण्यात अडचण येण्याची शक्यता कमी आहे, असं डॉक्टरांनी सांगितलंय. त्याला शंका असतील तर त्यालाही डॉक्टरांकडे ने. ऐकून जो मागे सरेल, त्याला जाऊ दे.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या एसीटी (आफ्टर कम्प्लिशन ऑफ थेरपी) क्लिनिकची वर्षातली फेरी चुकवायची नाही. ते 1991 पासून आहे, उपचार संपून काही वर्षं झालेल्या मुलांसाठीच. तिथे तुझ्यासारखे बरे झालेले, आता नोकरी करणारे, संसारात पडलेले लोक भेटतात. त्यांच्याशी बोलत जा, मला न सांगण्यासारखंही त्यांना सांगता येईल.

फाइलचे सगळे कागद स्कॅन करून तुला मेल केलेत. मूळ फाइल बाबा शनिवारी घेऊन येतील, सोबत कुळथाचं पीठ आणि आमसुलं आहेत. इकोची तारीख मिळाली की कळव. एकटी जायचं असेल तर एकटी जा, मी यायला हवी असेन तर आदल्या दिवशी सांगितलंस तरी चालेल, मी रजा टाकेन.

तुझी,
आई