आधी सड्याखालचे झरे नोंदवा, मग परवाने द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मार्च उजाडला की आपल्या दैनिकात टंचाई आराखड्याच्या बातम्या येऊ लागतात. अमुक वाड्यांना टँकर, तमुक वाड्यांत विंधन विहिरी. या यादीत शेतीच्या पाण्याचा उल्लेख मला कधी दिसला नाही, म्हणून हे पत्र.

मी राजापूर तालुक्यात सड्याखालच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाखालच्या, एका वाडीत राहते. भात कापून झाले की त्याच मळ्यात मुळा, लाल माठ, चवळी, वांगी, मिरची करते आणि बाजारात नेऊन विकते. आमच्या वाडीतल्या बहुतेक बायकांचा हाच धंदा. हे सगळे चालते पंचवीस-तीस फुटांच्या विहिरींवर आणि पऱ्यातल्या (ओढ्यातल्या) झऱ्यावर. आमचे पाणी वरवरचे आहे, आणि ते येते डोक्यावरच्या सड्यातून.

सातबाऱ्यावर या सड्याचा बराच भाग पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, म्हणून लागलेला आहे. उन्हाळ्यात पाहणाऱ्याला तो काळा, तापलेला कातळच दिसतो. पण सड्याचा हा दगड, म्हणजे जांभा, आतून भोकाभोकांचा आणि फटींचा असतो. कोकणात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे ३ लाख लिटर पाणी. त्यातले पुष्कळ वाहून खाडीला जाते. उरलेले जांभ्यातून झिरपत खाली उतरते आणि तळाशी असलेल्या चिकट मातीवर अडते. चाळणीखाली परात ठेवावी तशी ही रचना आहे. परातीच्या काठावरून, म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी, ते पाणी झऱ्याने बाहेर पडते. आमचे मळे, पाट आणि नारळी-पोफळीची आगरे त्या झऱ्यांच्या रेषेवर आहेत. पूर्वजांनी वाडी तिथेच का वसवली, याचे उत्तर याच रेषेत आहे.

हे पाणी लवकर भरते तसेच लवकर ओसरते. दसऱ्याला विहिरीत हाताने कळशी बुडवता येते आणि एप्रिलमध्ये तळ दिसतो. म्हणून पऱ्या वाहता असतानाच, दिवाळीच्या सुमारास त्याला बांध घालावा लागतो. दगड-मातीचा, सिमेंटच्या गोण्यांत वाळू भरून केलेला, किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाने सुचवलेला कोकण विजय बंधारा, जो गावातल्या दगडांवर आणि प्लॅस्टिकच्या कागदावर उभा राहतो. बांध घातला की त्याच्या आसपासच्या विहिरींची पातळी टिकते. त्याला महिना-दीड महिना उशीर झाला तर अडवायला फारसे पाणी उरत नाही. तरी मंजुरी मात्र मार्चअखेर खर्च दाखवायच्या घाईत येते.

आता वरच्या सड्याचे काय चालले आहे ते पाहा. जांभ्याचे चिरे काढणाऱ्या खाणींनी सड्याला चौकोनी खड्डे पडत चालले आहेत. घराला चिरा लागतो हे मला कळते, माझेही घर चिऱ्याचेच आहे. १९९० च्या रोजगार हमीतल्या फळबाग योजनेने सड्यावर आंबा-काजू आले, त्याचेही मला समाधानच आहे, कारण कलमाखाली माती टिकते. पण जांभ्याचा थर कापून नेला की पाणी साठायची जागाच जाते. जेसीबीने सडा सपाट करून रस्ते आणि प्लॉट पाडले की पाणी मुरायच्या आधीच गटाराने निघून जाते. आमच्या पलीकडच्या वाडीचा झरा पूर्वी शिमग्यापर्यंत चालायचा. वरच्या बाजूला खाण सुरू झाल्यापासून तो पौषातच आटतो, आणि तिथल्या बायकांनी मिरची लावणे सोडले आहे.

मग उपाय म्हणून येते ती बोअर. तिचे पाणी खालच्या काळ्या दगडाच्या भेगांत असते, लागले तर लागले. वरचे केसिंग, म्हणजे भोकाच्या कडेने बसवायचा पाइप, नीट बसवले नाही तर जांभ्यातले पाणी त्याच भोकातून खाली उतरते आणि शेजारची उथळ विहीर कोरडी पडते. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नव्हती; त्या कायद्याची जागा पुढे २००९ च्या भूजल कायद्याने घेतली. पण झऱ्याचे पाणी ज्या सड्यावर मुरते तो ५०० मीटरच्या पलीकडेही असू शकतो, आणि मळ्याचा झरा पिण्याचा नसला तर त्याला कोण वाली?

आमच्याच तालुक्यात उन्हाळे गावाजवळ गंगा प्रकटली, म्हणजे अधूनमधून जमिनीतून येणारे पाणी वाहू लागले, की कुठून कुठून माणसे स्नानाला येतात, चौदा कुंडांवर गर्दी होते. जमिनीच्या पोटातल्या पाण्याविषयी लोकांच्या मनात इतका भाव आहे. वाडीवाडीतले झरेही तेच जमिनीच्या पोटातले पाणी देतात, पण त्यांची साधी यादीसुद्धा ग्रामपंचायतीत नाही.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. ते आकडे आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. झऱ्यांची नोंद गावातल्या लोकांकडून, विशेषतः पाणी भरणाऱ्या आणि शिंपणाऱ्या बायकांकडून, फेब्रुवारी ते मे या महिन्यांत करून घ्यावी. सड्यावरच्या खाणीचा, प्लॉटिंगचा किंवा बोअरचा अर्ज आला की खालच्या उताराचे झरे त्यात दाखवणे सक्तीचे करावे आणि त्या वाडीच्या ग्रामसभेत तो वाचला जावा. बंधाऱ्यांचे पैसे ऑक्टोबरात मिळावेत. तालुक्यातल्या लोकप्रतिनिधींनी यंदाचा आराखडा मंजूर होण्याआधी एवढे करून घ्यावे, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती.

आपली,
एक भाजी पिकवणारी शेतकरी,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी