उजव्या बाजूचे सहा मिलिमीटर

नेरूळ, नवी मुंबई
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र घरी न पाठवता मुद्दाम तुझ्या कारखान्याच्या पत्त्यावर पाठवतो आहे. अण्णांना एक प्रश्न विचारायचा आहे, तो तूच विचारायचा आहेस, आणि हे फोनवर सांगणे शक्य नव्हते; कारण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि अण्णा समोरच्या आरामखुर्चीत. गणपतीत तू आला नाहीस याचा राग मी अजून सोडलेला नाही, पण तो तूर्त बाजूला ठेवतो. घरी सगळे ठीक. शुभाचा गुडघा होता तसाच आहे आणि माझी साखर गोळ्यांच्या धाकात आहे. आता गाडीविषयी.

येत्या ९ नोव्हेंबरला गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षे पूर्ण होतात. नूतनीकरणासाठी नमुना २५ भरायचा, पाच हजार रुपये शुल्क, पर्यावरण कर वेगळा, आणि गाडी तपासणीला उभी करायची; पास झाली की पुढची पाच वर्षे आपली. मुदत संपण्याआधी साठ दिवसांपासून अर्ज घेतात, म्हणजे ती खिडकी आताच उघडली आहे. गाडी पुढून ज्या प्रकारे खडखडत होती, ते पाहता तपासणीच्या दारातूनच परत पाठवतील याची मला खात्री होती. म्हणून पुढचे सगळे सस्पेन्शन घरीच उघडायचे ठरवले. दारापुढच्या फरशीवर गाडी घेतली, वर ताडपत्री बांधली आणि चेसिसखाली दोन्ही बाजूंना घोड्या लावल्या. पितृपक्षात नवीन काही घेऊ नये असे आईचे म्हणणे होते. बुश (सांध्यांतली रबरी नळकांडी) आणि बॉल जॉइंट (चाकाचा गोळ्याचा सांधा) हे नवीन धरायचे की दुरुस्तीतले, यावर आमच्या घरात एक पूर्ण जेवण झाले. शेवटी ‘गाडी जुनी आहे ना, मग चालेल’ असा निकाल तिनेच दिला.

डावी बाजू सुरेख झाली. टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचे काम करणारा पिळाचा दांडा, सैल करण्यापूर्वी अँकरच्या बोल्टाचे किती आटे बाहेर आहेत ते मोजून ठेवले आणि बार व आर्म यांवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. डावा टॉर्शन बार उजवीकडे चालत नाही, कारण दोघांना पीळ उलट दिशेचा दिलेला असतो, हे तुला सांगायची गरज नाही. कळंबोलीच्या भंगारातून तू ‘एकदम सेम’ म्हणून आणलेला बार अजून माझ्या माळ्यावर पडून आहे. लोअर बॉल जॉइंट साफ गेलेला होता. मागच्या वर्षी ज्याने गाडी चेसिसवर उचलून, चाक हलवून ‘जॉइंट टाइट आहे’ असे सांगितले होते, त्याला एवढे कळायला हवे होते की आपल्या गाडीत बारचा सगळा ताण लोअर आर्मवर (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्यावर) असतो. चेसिसवर उचलले की तोच ताण जॉइंट आवळून धरतो आणि प्ले, म्हणजे ढिलेपणा, दिसत नाही. जॅक लोअर आर्मखाली लावला, टायरखाली पहार घालून उचलले, तेव्हा जॉइंट जागच्या जागी नाचताना माझ्या मुलाला लांबून दिसला.

टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यांची टोके, मी तुझ्या फोर्कने न काढता नकलच्या (चाकाच्या जोडतुकड्याच्या) डोळ्यावर दोन बाजूंनी एकाच वेळी दोन हातोडे मारून काढले. दुसऱ्याच घावाला टेपर सुटला आणि रबरी टोपी शाबूत राहिली. बुश तुर्भ्याच्या लेथवाल्याकडे हायड्रॉलिक प्रेसवर बसवून घेतले. आर्मचे बोल्ट मात्र मी गाडी चाकांवर खाली उतरवून, दोनदा दाबून, ती आपल्या उंचीवर बसल्यानंतरच शेवटचे आवळले. ते रबर फिरत नाही, पिळवटते. आर्म लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली आल्याबरोबर ते कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि वर्षभरात फाटते. या एका मुद्द्यावर तू माझ्याशी दोन पावसाळे भांडला आहेस, ‘बोल्ट तो बोल्ट, वर आवळला काय आणि खाली आवळला काय’ हे तुझे वाक्य शुभालाही पाठ आहे, आणि तू लटकत्या आर्मवर आवळलेले बुश किती टिकले होते ते तुझे तुला आठवत असेल.

उजवी बाजू उघडली आणि तिथे काम थांबले आहे.

आपल्या गाडीचा उजवा मागचा बुश नेहमी आधी जायचा, हे तुझ्याही लक्षात असेल. तो काढल्यावर लोअर आर्मच्या मागच्या ब्रॅकेटवरचा काळा रबरी लेप जरा जाड वाटला, म्हणून तारेच्या ब्रशने घासायला घेतला. लेप पापुद्र्यांनी निघाला आणि खाली, ब्रॅकेट जिथे चेसिसला मिळते तिथे, पूर्ण तीन बाजूंनी वेल्डिंगची नवी ओळ निघाली. नवी म्हणजे कंपनीची नव्हे. माशाच्या खवल्यांसारखे एकसारखे, एकावर एक चढलेले पदर, आणि ते सगळे उजवीकडून डावीकडे गेलेले. तुर्भ्याच्या शेडमध्ये आपण दोघांनी ती ओळ इतकी वर्षे पाहिली आहे की कोणाला विचारायची गरजच नव्हती. डाव्या हाताने रॉड धरून इतकी सरळ ओळ ओढणारा अण्णांशिवाय दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही.

तेव्हा २०१३ च्या पावसाळ्यातली ती रात्र आठव. खारघरच्या पुढे पाण्याखालच्या खड्ड्यात उजवे चाक गेले, गाडी तू चालवत होतास की मी यावर आपले आजही एकमत नाही, आणि दुसऱ्या दिवशी अण्णा गाडी घेऊन गेले. संध्याकाळी आणून उभी केली, ‘काही नाही झालेले, बुश बदलला’ असे म्हणाले आणि चहा न घेता गेले. अण्णा चहा न घेता गेले, तेव्हाच आपल्याला कळायला हवे होते.

ओळ अजूनही भक्कम आहे. तडा गेला आहे तो तिच्या काठाला, वेल्डिंग संपून चेसिसचा मूळ पत्रा सुरू होतो त्या रेषेवर. साधारण करंगळीच्या पेराएवढा, केसासारखा बारीक, आणि घासून तेल पुसल्यानंतरच दिसणारा. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा पत्रा कडक होतो आणि हिसके खाऊन तिथेच फाटतो, हे अण्णांनीच आपल्याला शिकवले होते, म्हणून यात त्यांना कमीपणा येण्यासारखे काही नाही. बारा वर्षे, प्रत्येक हंगामात देवरुखहून आंब्याच्या पेट्या आणि मधले सगळे घाट, एवढे त्या ओळीने सोसले आहे.

पण तडा दिसल्यावर मी स्वस्थ बसणार नव्हतो. रात्री पाऊस थांबल्यावर लोअर आर्म जिथे चेसिसला फिरते जोडलेले असतात त्या चारही पिव्हटपासून फरशीवर ओळंबा सोडला, खडूने खुणा केल्या, गाडीची मध्यरेषा दोरीने आखली आणि फीत लावली. डावे दोन्ही बिंदू बरोबर. उजवा पुढचा बरोबर. उजवा मागचा सहा मिलिमीटर बाहेर. फीत बदलून पाहिली, मुलाला मोजायला लावले, तरी सहाच.

आता तू डोळे मिटून हे चित्र मनाशी धर. मागचा पिव्हट बाहेर सरकला की आख्खा आर्म पुढच्या पिव्हटभोवती फिरतो आणि खालचा बॉल जॉइंट पुढे जातो, थोडा बाहेरही जातो. म्हणजे उजव्या चाकाचा कॅस्टर (वळण्याच्या अक्षाचा मागे कल) वाढतो आणि कॅम्बर (चाकाचा उभा कल) आत झुकतो. ज्या बाजूला कॅस्टर कमी, त्या बाजूला गाडी ओढते. म्हणजे डावीकडे! दिनू, बारा वर्षे ही गाडी डावीकडे ओढत आली. तू म्हणायचास, मी डावा टायर कमी हवेवर चालवतो. मी म्हणायचो, तुझ्या अलाइनमेंटवाल्याला मशीन कळत नाही. तो म्हणायचा, रस्त्याचा उतारच डावीकडे असतो, सगळ्याच गाड्या थोड्या ओढतात. त्यापायी आपण एका दिवाळीत एकमेकांकडे फराळालाही गेलो नाही. त्याच्या मशीनचा एक कागद मला डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडला. त्यावर उजवा कॅस्टर डाव्यापेक्षा एक अंशाहून थोडा जास्त छापलेला आहे आणि शेजारी पेनाने लिहिले आहे, ‘ॲडजस्ट होत नाही’. टो, म्हणजे चाकांची आत-बाहेर दिशा, तेवढा जुळवून त्याने पैसे घेतले आणि आपण दोघे भांडत घरी आलो.

अण्णांना हे कळले नसेल असे मला वाटत नाही. उजव्या अप्पर आर्मच्या दोन्ही बोल्टांखाली डावीपेक्षा बरेच जास्त शिम (पातळ चकत्या) आहेत, दोन्हीकडे सारखे, तारेने बांधून बसवलेले. म्हणजे कॅम्बर झुकल्याचे त्यांनी ओळखले होते आणि अप्पर आर्म बाहेर ढकलून तो सरळ केला होता. कॅस्टर तसाच राहिला, कारण दोन्ही बोल्टांना सारखे शिम घातल्याने कॅस्टर हलत नाही. जो माणूस गेटची बिजागरी एक मिलिमीटर वाकडी बसली म्हणून रात्री कापून परत लावायचा, त्याने सहा मिलिमीटर का सोडले असतील, हे कोडे मला सुटत नाही. माझा तर्क असा आहे की आतला पत्रा फाटलेला असणार. चेसिसच्या आतून पट्टी घालावी लागली असेल, आणि त्या पट्टीच्या जाडीने किंवा वाकलेल्या पत्र्यामुळे ब्रॅकेट आत जाईना, तेव्हा बसेल तिथे बसवले असेल. हा तर्कच आहे. आणि इथेच माझी अडचण आहे.

दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ब्रॅकेट आहे तिथेच ठेवायचे, तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून तो पुढे जाण्यापासून रोखायचा, खाच काढून लो हायड्रोजन रॉडने भरून घ्यायचा आणि वरून, टोके निमुळती करून, पट्टी मारायची. मग अप्पर आर्मच्या पुढच्या बोल्टाचे काही शिम काढून मागच्याला घालायचे, म्हणजे वरचा जॉइंटही पुढे येईल आणि कॅस्टर बराचसा जुळेल. गाडी सरळ चालेल, तपासणीही पास होईल. पण आर्म तिरप्या पिव्हटवरच फिरत राहील आणि मागचा बुश दर वर्षी मागेल. दुसरा मार्ग म्हणजे अण्णांची ओळ ग्राइंडरने कापायची, ब्रॅकेट सोडवायचे आणि डाव्या बाजूवरून जिग (मापाचा साचा) करून जागेवर बसवायचे. माझा कल दुसऱ्याकडे आहे. एकदा उघडलेच आहे तर अर्धवट कशाला ठेवायचे, असे माझे मत आहे आणि ते तुला ठाऊकच आहे, कारण त्याच मतामुळे तुझ्या बुलेटचे इंजिन आपण एका दुपारसाठी म्हणून उघडले होते.

पण आत काय आहे हे माहीत नसताना तिथे ग्राइंडर लावायला माझा हात धजत नाही. आत पट्टी असेल तर ती कुठपर्यंत गेली आहे? मूळ पत्रा किती उरला आहे? त्यातच चेसिस नंबर चेसिसच्या त्याच तुळईवर, त्या जागेपासून वितीभर पुढे आहे. तपासणीला पेन्सिलने त्याचा ठसा घेतात, आणि त्याच्या आसपास ताजे घासकाम दिसले तर नूतनीकरण बाजूलाच राहील, गाडी चोरीची नाही हे सिद्ध करत बसावे लागेल.

म्हणून अण्णांना विचार. कसे विचारायचे ते सांगतो, कारण तुझ्या पद्धतीने विचारलेस तर पुढचे सहा महिने ते माझ्याशी बोलणार नाहीत आणि तुझ्याशी त्याहून जास्त. ‘अण्णा, तुमचे वेल्डिंग तुटले’ असे म्हणू नकोस. ते तुटलेलेही नाही. ‘सहा मिलिमीटर’ हा आकडा तर काढूच नकोस. दुपारची झोप झाल्यावर, चहा अर्धा झाल्यावर, एवढेच म्हण की सुधीरने पुढचे काम काढले आहे आणि उजवीकडे आतून पट्टी आहे का, असे तो विचारतो आहे. ‘कोणती पट्टी?’ असे म्हणाले तर पट्टी आहे असे समज. उठून बाहेर गेले तरी तेच समज. आणि किती लांबीची, हे त्याच दिवशी विचारू नकोस.

खरे सांगायचे तर मला ते इथेच यायला हवे आहेत. मोतीबिंदूनंतर त्यांनी रॉड धरू नये असे वहिनी म्हणतात ते योग्यच आहे, आणि गाडीखाली झोपण्याचे तर नावच नको. मी फरशीवर खुर्ची टाकीन, हातात टॉर्च देईन आणि ते म्हणतील तिथे खाच काढीन, शिव्याही खाईन. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढली का, हे ते मला नक्की दोनदा विचारतील. ते तयार होतील का, याचा अंदाज तूच घेऊ शकतोस. सकाळच्या गाडीने ठाण्याला उतरलात तर ट्रान्स-हार्बरने थेट नेरूळ, स्टेशनवर मी येतो.

मनूला प्रवेश मिळाल्याचे शुभाकडून कळले, फार आनंद झाला. तिला माझे अभिनंदन सांग. तुझ्या बदलीचे काय झाले ते लिहिशील. वहिनींना नमस्कार.

काहीही झाले तरी दसऱ्याच्या आत कळव. ब्रॅकेट बसले, मग उंची जुळवायची, मग अलाइनमेंट, हा क्रम मोडता येत नाही. उंची बदलली की कॅम्बर बदलतो, आणि अर्ज करून तपासणीची तारीख मिळेपर्यंत दिवाळी येऊन ठेपेल.

तुझा,
सुधीर

ता. क. – माझा बॉल जॉइंटचा पुलर तुझ्याकडे आहे. तू तो माझाच नाही असे म्हणतोस, पण त्याच्या बोल्टाला अण्णांनी वेल्ड केलेले टोक आहे, त्यांनाच दाखव. येताना आण.