निर्वासितांच्या मदतीची मुदत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हिएतनामी निर्वासितांच्या पुनर्वसनावरील आपल्या पुरवणीतील लेखात कोणत्या देशाने किती माणसे घेतली याचे आकडे होते. पण पोहोचलेल्या माणसांचा खर्च कोणी आणि किती महिने उचलायचा, हा मुद्दा निसटला. सॅन होजेत व्हिएतनामी वस्तीच्या शेजारी बरीच वर्षे राहत असल्याने त्याविषयी लिहीत आहे.

30 एप्रिल 1975 रोजी दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन कम्युनिस्ट फौजांच्या हाती पडली आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकी प्रतिनिधिगृहाने मदतीचे विधेयक फेटाळून लावले. अखेर 23 मे रोजी अध्यक्ष फोर्ड यांची 45.5 कोटी डॉलरच्या तरतुदीवर सही झाली. पेंडलटन, चॅफी अशा लष्करी तळांवरच्या छावण्यांतून लोकांना नेऊन वसवणाऱ्या स्वयंसेवी संस्थांच्या हाती माणशी 500 डॉलर पडत. पुढे 1980च्या निर्वासित कायद्याने, राज्यांनी दिलेल्या रोख आणि वैद्यकीय मदतीची 36 महिन्यांपर्यंत पूर्ण भरपाई केंद्र सरकार ‘करू शकेल’, असे ठरवले. ‘करील’ असे नव्हे, आणि सगळी मेख तिथेच आहे. रोख मदतीची मुदत 1982 मध्ये 18 महिन्यांवर, 1988 मध्ये 12 वर आणि 1991 मध्ये 8 वर आली. त्यासाठी कायद्यातला 36 हा आकडा बदलावाही लागला नाही.

आमचे एक शेजारी 1981 मध्ये मलेशियातील छावणीतून एकटेच इथे आले. सकाळी इंग्रजीचा वर्ग आणि संध्याकाळी इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम, असा दोन-अडीच वर्षांचा हिशेब त्यांनी वहीत मांडला होता. मुदत घटल्याची नोटीस आली, तेव्हा त्यांनी वर्ग सोडून सर्किट बोर्डांना डाग देण्याचे काम धरले. त्या वहीतली पुढची पाने कोरीच आहेत. मी ती पाहिली आहेत. लवकर कामाला लागणे हेच स्वावलंबन, असे मुदत कापणारे म्हणत. पण अर्धवट इंग्रजीवर जे काम मिळाले, त्यातच ते निवृत्तीपर्यंत राहिले.

कॅनडाने 1979 मध्ये 50,000 निर्वासितांची घोषणा करताना, नागरिकांनी जबाबदारी घेतलेल्या प्रत्येक निर्वासितामागे सरकार आणखी एक आणील, असे सूत्र ठेवले आणि अशी जबाबदारी घेणाऱ्या नागरिक-गटांवर वर्षभराच्या निर्वाहाची हमी टाकली. (नागरिकांचा प्रतिसाद अपेक्षेपेक्षा जास्त आल्यावर त्याच वर्षअखेरीस सरकारच या सूत्रातून मागे सरू लागले, हेही नोंदवायला हवे.) तरी गटांचे वर्ष ठरलेले होते आणि ते कोणाकडून घ्यायचे, हे येणाऱ्याला ठाऊक होते. जुलै 1979च्या जिनिव्हा परिषदेत 2,60,000 जणांना सामावून घेण्याची आश्वासने गोळा झाली, त्याचा आपल्या लेखात गौरवाने उल्लेख आहे. यापुढे असे आकडे छापताना, त्या त्या देशाने किती महिन्यांचा खर्च पत्करला होता, हेही शेजारी द्यावे, ही विनंती.

— एक वाचक, सॅन होजे (कॅलिफोर्निया)