उतारा पुरे, वाफेचा आणि बंद तासांचा हिशेब मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साखरेचा किमान विक्री दर वाढवल्याशिवाय कारखाने तरणार नाहीत, असे सांगणारा अग्रलेख आपल्या दैनिकात वाचला. दराबद्दल माझा वाद नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये ठरला तो पुढची सहा वर्षे जागचा हलला नाही आणि तेवढ्यात उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, क्विंटलला 275 वरून 355 रुपयांवर गेली. पण शेवटी जाता जाता 'कारखान्यांनी उतारा सुधारून कार्यक्षम व्हावे' असा जो सल्ला दिला आहे, तो मला पटला नाही. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून निघणारी साखर. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत वाफ मोजण्याची उपकरणे बनवण्यात माझी सारी नोकरी झाली. त्या कामासाठी दर हंगामात सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडच्या कारखान्यांत जाणे असे, म्हणून हे लिहितो.

उतारा 0.1 टक्क्याने वाढला की टनामागे एक किलो साखर जास्त निघते. वरच्या किमान दराने तिचे 31 रुपये. आता 2025-26 च्या एफआरपीचा नियम पाहा. 10.25 टक्क्यांच्या वर प्रत्येक 0.1 टक्क्याला क्विंटलमागे 3 रुपये 46 पैसे, म्हणजे टनाला 34 रुपये 60 पैसे शेतकऱ्याला जादा द्यायचे. किमान दराने धरले तर कारखान्याच्या पदरचेच साडेतीन रुपये गेले! वाशीच्या बाजारात एस-30, एम-30 या प्रतींच्या साखरेचे भाव याहून वर असतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडेफार सुटते. त्यातूनही पोते, गोदाम आणि माल उठेपर्यंतचे बँकेचे व्याज वजा करावे लागते. शेतकऱ्याला ते पैसे मिळतात हे रास्तच आहे. साखर शेतातच तयार होते, कारखान्याने ती फक्त कमी वाया घालवायची असते, असे जुने केमिस्ट म्हणत. उसाची जात, वय, तोडल्यापासून गव्हाणीत (मिलकडे ऊस नेणाऱ्या पट्ट्यावर) पडेपर्यंत गेलेले तास, यावर उतारा आधीच निम्म्याहून अधिक ठरलेला असतो.

शिवाय हा आकडा फसवाही आहे. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने रस आणि बी-हेवी मळी (जिच्यात काढता येण्याजोगी साखर अजून शिल्लक असते) इथेनॉलकडे वळवण्यावर निर्बंध घातले. मळीवाटे जाणारी साखर पोत्यात येऊ लागली आणि कागदावर उतारा चढला. त्यासाठी मिलचा एक रोलरही कुणाला बदलावा लागला नाही.

मग कारखान्याच्या हातात काय उरते? वाफ. वाशी स्टेशनबाहेरचा रसवंतीवाला चिपाड दुमडून चरकातून तीन-चारदा काढतो आणि थांबतो. कारखाना मात्र चिपाडावर गरम पाणी मारून उरलीसुरली साखर धुऊन काढतो. हे पाणी वाढवले की बगॅसमधली, म्हणजे पिळून उरलेल्या चिपाडातली, साखर घटते, हे खरे; पण घातलेला प्रत्येक लिटर पुढे उकळून उडवावा लागतो. साखर वाचवायला वाफ खर्च होते आणि वाफेसाठी बगॅस जळतो. जुन्या पद्धतीच्या कारखान्यात उसाच्या वजनाच्या 50 टक्के वाफ लागते. रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरची रचना सुधारून, त्यातून निघालेली वाफ ज्यूस हीटरला आणि साखरेचे दाणे पाडणाऱ्या पॅनला पुन्हा वापरून ती 40 टक्क्यांपर्यंत, काही ठिकाणी त्याखालीही येते. दहा टक्के बचत म्हणजे टनामागे 100 किलो वाफ, म्हणजेच साधारण 45 किलो बगॅस. किलोला दोनच रुपये धरले तरी 90 रुपये होतात. जादा साखरेच्या एका किलोतून सुटणारे चिल्लर पैसे आणि हे 90 रुपये शेजारी मांडून पाहा. शेतकऱ्यांनीही या 90 रुपयांवर नजर ठेवावी, कारण रंगराजन समितीच्या 70:30 सूत्रात (उत्पन्नाचे 70 टक्के शेतकऱ्याला, 30 टक्के कारखान्याला) बगॅसही येतो.

ही बचत टिकते ती मिल सलग चालली तरच. एका कारखान्यात मीटर बसवायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. तोडणीच्या टोळ्या शेजारच्या कारखान्याने जादा उचल देऊन पळवलेल्या. यार्डात चार-दोन ट्रॅक्टर, गव्हाण रिकामी. मिल थांबली, पण बॉयलर लगेच विझवता येत नाही. बगॅस जळत होता आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ आकाशात जात होती. आवाज इतका, की शिफ्ट इंजिनिअरशी खुणांनीच बोलावे लागले. इकडे टाक्यांमधला रस आंबत होता. लॉगबुकात कारण लिहिले होते दोन शब्दांत: 'ऊस नाही'. त्या रात्रीचा बगॅस आणि नासलेली साखर उताऱ्याच्या आकड्यात कुणाला वेगळी दिसणार होती?

गाळप क्षमता वाढवण्याचे परवाने सढळपणे दिले, त्याचे हे फळ आहे. 2021-22 मध्ये राज्यात सुमारे 137 लाख टन साखर झाली, 2024-25 मध्ये जेमतेम 81 लाख टन. कारखाने दोन्ही वेळी 200 च्या घरात. दीडशे दिवस चालावी म्हणून उभारलेली यंत्रसामग्री 2024-25 च्या हंगामात सरासरी शंभर दिवसही चालली नाही. पगार, कर्जाचे व्याज आणि ऑफ सीझनचे ओव्हरहॉलिंग मात्र बारा महिन्यांचे. साखरेचा दर दोन-चार रुपयांनी वाढवला, तर त्याच जोरावर क्षमतावाढीचे आणखी प्रस्ताव येतील, अशी मला भीती वाटते.

साखर आयुक्तालयाच्या रोजच्या गाळप अहवालात गाळप, साखर उत्पादन आणि उतारा असतो. त्यात कारणांसह बंद तास, वाफेचा टक्का आणि शिल्लक बगॅस हे तीन रकाने वाढवावेत. नव्याने काही मोजायची गरज नाही, हे सगळे कारखान्यात रोज नोंदले जातेच. तोवर आपल्या वार्ताहरांनी पुढच्या हंगामात मोळी टाकल्याच्या बातमीसोबत मागच्या हंगामातले बंद तास तरी अध्यक्षांना विचारावेत.

आपला,
एक निवृत्त अभियंता
ऐरोली, नवी मुंबई