मॅडम, सही करू नका म्हणालात त्याबद्दल

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यातली स्टोअरवाली लिहितेय. पत्र सगळ्यांसमोर लिहायचं कारण एवढंच की आजही कुठल्यातरी कारखान्यात कोणाच्यातरी गळ्यात 'की युजर'ची, म्हणजे आपल्या विभागात नवीन सॉफ्टवेअर बसवून घेणाऱ्याची, माळ पडत असेल. त्यांच्या मालकांनी हे वाचलेलं बरं.

ईआरपी, म्हणजे सगळ्या विभागांचं काम एकत्र नोंदवणारं सॉफ्टवेअर, बसवायचं ठरलं आणि आमची पाच नावं नोटीस बोर्डावर लागली: खरेदी, स्टोअर, प्रॉडक्शन, डिस्पॅच, अकाउंट. रोजचं काम मात्र होतं तिथेच. दिवसभर गाड्या उतरवायच्या आणि संध्याकाळी डोळे चोळत मीटिंगला बसायचं. तुम्ही सॉफ्टवेअरवाल्यांच्या बाजूने आलेल्या. आमच्याकडून वेळेत सह्या मिळाल्या की तुमचं काम भागत होतं. पण तुम्ही आधी मालकांच्या केबिनमध्ये गेलात आणि लेखी मागितलंत की या पाच जणांचं अर्धं काम दुसऱ्या कोणाकडे द्या, नाहीतर तारीख पुढे न्या. मालकांचा पुतण्या त्यानंतर गेटवर वजनं लिहायला बसला. त्याचंही भलंच झालं म्हणा.

तारखेचंही तसंच. कागदावर 1 एप्रिल होती, नवीन आर्थिक वर्ष म्हणून. शहरात बसून हीच तारीख सुचणार. पण एप्रिल म्हणजे आमच्याकडे काजू बी येण्याचे ऐन दिवस, रांगेत टेम्पो उभे, पोत्यांची थप्पी तासातासाला वाढते. अशात शिल्लक मालाची मोजणी करून ती सिस्टीममध्ये चढवायची कशी? तुम्ही आम्हालाच विचारलंत, मग कधी? जून-जुलैत लावणी, नंतर गणपती, ऑक्टोबरच्या मध्यापासून भातकापणी. आमचं कॅलेंडर बघून तुम्ही हसलात, पण शेवटी 1 ऑक्टोबर धरलीत. तोवर बीची खरेदी थांबलेली असते आणि साठा फक्त कमी होत जातो, त्यामुळे मोजणी जुळली.

खरा घोळ प्रॉडक्शनचा होता. सॉफ्टवेअरला वाटतं, दहा सुटे भाग जोडून एक वस्तू बनते. आमचं उलटं. एक बी फोडली की त्यातून अख्खा गर, पाकळी, तुकडा, कणी निघते, वर टरफल आणि साल वेगळी. शंभर किलो बीतून गर निघतो साधारण पाव हिस्सा, तोही बी गावठी की वेंगुर्ला-4 या सुधारित जातीची, किती वाळलेली, यावर कमीजास्त. टेस्टिंगला पहिली बॅच टाकली तर स्क्रीनवर लाल अक्षरं, वजन जुळत नाही. तुमच्याबरोबरचा मुलगा म्हणाला, फरक 'वेस्टेज'मध्ये टाका. टरफल वेस्टेज? त्याचं तेल निघतं, ते विकत नेणारे दारात येतात!

त्या दिवशी तुम्ही लॅपटॉप मिटलात आणि ग्रेडिंगच्या टेबलावर बायकांच्या शेजारी जाऊन बसलात. डब्ल्यू-320 म्हणजे पौंडाला 300 ते 320 गर हे तुम्हाला पाठ होतं. पण हाताखालून गर सरकताना 240 कुठला आणि 320 कुठला हे नजरेने कसं ओळखतात, ते तिथे बघितलंत. एकीने तुमच्या तळहातावर दोन्ही ठेवले आणि म्हणाली, "आता सांगा." तुम्हाला सांगता आलं नाही, सगळ्या हसल्या, तुम्हीही. पुढच्या बैठकीत टरफल, साल, पाकळी, कणी यांना स्वतःचे आयटम कोड मिळाले, आणि बीच्या जातीप्रमाणे उताऱ्याची मर्यादाही वेगळी.

ब्लूप्रिंटच्या, म्हणजे सिस्टीम कशी चालणार ते लिहिलेल्या, जाडजूड फाइलवर सह्या मागितल्या गेल्या, तेव्हा तुम्ही बाजूला घेऊन सांगितलंत, "जे पान कळलं नाही त्यावर सही करू नका. उद्या तेच पान तुम्हाला दाखवतील." मग पानं मराठीत समजावलीत, आणि आम्ही तीन ठिकाणी लाल पेनाने खुणा करून फाइल परत पाठवली. आमच्या अकाउंटवाल्यांना कोणाला 'नाही' म्हणायचं तर घाम फुटतो, पण त्या दिवशी ते म्हणाले.

त्यांचा मुद्दा तर लाखमोलाचा निघाला. चाचणीसाठी दिलेली बिलं सगळी व्यापाऱ्यांची, जीएसटी नंबरसकट. आमची खरेदी मात्र शेतकऱ्यांकडून. तिथे टरफलासकट काजूवरचा कर रिव्हर्स चार्जने खरेदीदारालाच भरावा लागतो, शेतकऱ्याकडे बिलही नसतं. तुम्ही तयार चाचण्या बाजूला ठेवून आमच्या गेल्या हंगामाच्या पावत्या मागवल्यात. हे आधी निघालं म्हणून वाचलो.

सिस्टीम चालू झाल्यावर सगळे आम्हालाच धरणार होते. डिस्पॅचचा माणूस पहिल्याच दिवशी म्हणाला, "ह्यां आमकां जमाचां नाय." हायपरकेअर की काय म्हणतात त्या सुरुवातीच्या दिवसांत तुम्ही केबिनमध्ये न बसता पॅकिंगच्या दाराशी खुर्ची टाकून बसलात. रात्रीचे फोन तुमच्या नंबरवर वळवलेत. ट्रेनिंग आमच्याकडून करवून घेतलंत आणि स्वतः मागच्या बाकावर बसलात. मी अडखळले तरी पुढे आला नाहीत. तेव्हा राग आला होता. आता नवीन मुलींना जीआरएन, म्हणजे आलेल्या मालाची नोंद, मीच शिकवते.

तुम्ही दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलात असं ऐकलं. ओलाव्याच्या घटीचा रिपोर्ट अजून नीट येत नाही, तक्रारीचं तिकीट टाकलंय, आठवण करून देत असते. फेब्रुवारीत ओले काजूगर सुरू होतात. दोन दिवस सुट्टी काढून या, लॅपटॉप न आणता.

तुमचे आभार, पाचही जणांकडून.

आपली,
स्टोअर विभाग, वेंगुर्ला